बंद दारापुढचं पाणी

यंदा शिमग्यात पालखी आमच्या वाडीत आली तेव्हा मी तीन तांबे भरून ठेवले होते. एक आमच्या दारचा, एक सुलोचनावहिनींच्या दारचा आणि एक पाटीलबाईंच्या दारचा. आमच्याकडे देवीची पालखी अंगणात आली की घरातल्या बाईने खांदेकऱ्यांच्या पायांवर पाणी घालायचं असतं. ज्या दारात पाणी घालायला कोणी नसेल तिथे पालखी थांबत नाही, तशीच पुढे जाते. आमच्या समोरची ती दोन्ही घरं आता बंद आहेत. मी कोणाला विचारलं नाही आणि मलाही कोणी विचारलं नाही. पाणी घातलं आणि घरात आले. मग दिवसभर पाटीलबाईच डोळ्यांपुढे राहिल्या. चार माणसांत बसून सांगणं मला जमत नाही. चौथीला शाळा सुटली तरी लिहिता येतं, म्हणून लिहून ठेवते.

पाटीलबाईंचं नाव अनुसया. पण ते नाव गावात कोणी घेत नसे. नवरा लवकर गेला, एकुलती मुलगी लग्न होऊन पुण्याकडे गेली. गावच्या पोलीस पाटलाची जागा बायकांसाठी राखीव निघाली तेव्हा दहावी पास झालेली बाई आमच्या गावात तीच. पुरुषांनीच त्यांना परीक्षेला बसवलं. बाई नावाला असेल, कामं आपणच करू, असा त्यांचा हिशेब होता. तो पहिल्याच वर्षी चुकला.

पोलीस पाटील म्हणजे पोलीस नव्हे. त्याला ना काठी, ना टोपी. गावात कोणी बुडालं, कोणाचं डोकं फुटलं, की ठाण्यात कळवायचं. पोलीस आले की त्यांना ओट्यावर बसवायचं, चहा पाजायचा आणि ते गेले की गावाच्या शिव्या खायच्या. हे त्या स्वतःच हसून सांगत.

उंच, हडकुळ्या बाई. बारा महिने हातात काळी छत्री. कोणाच्याही दारात गेल्या तरी एकदम ओट्यावर चढत नसत. अंगणात उभ्या राहून छत्रीच्या टोकाने खांबावर टकटक करत आणि हाक देत, "हाय का गो कोण घरात? सरकारी नाय, घरचं काम हाय." पोलीस पाटील दारात आला की माणूस घाबरतो, म्हणून ही पद्धत त्यांनीच पाडली होती. आणि ती त्या चोख पाळत. सरकारी काम असलं की ओट्यावर पाय ठेवत नसत, पाणी घेत नसत. अंगणातूनच सांगायचं ते सांगत आणि जात. कधी कधी वळणापर्यंत जाऊन परत येत. तीच बाई, तीच छत्री, पुन्हा टकटक. "आता घरचं काम. वाटीभर पीठ हाय का गो लता?"

आमच्या घरातले हसायचे. मला मात्र ते बरं वाटायचं. कोण कशासाठी आलंय हे दारातच कळलं, तर माझ्यासारख्या बाईला सोपं जातं.

एकदा दोघा सख्ख्या भावांचा बांधावरच्या फणसावरून तंटा झाला. दोघंही त्यांच्या अंगणात येऊन ओरडत होते की ठाण्यात फोन लावा. बाईंनी फोन हातात घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "लावते की. पण आधी ठरवा, साहेब आल्यावर जाताना त्यांच्या गाडीत फणस कोण ठेवणार?"

थोरला म्हणाला, "मी कशाला ठेवू? झाड त्याचं म्हणतो ना तो, त्यानं ठेवावा."

धाकटा म्हणाला, "माझं कुठं? अर्धं हाय माझं."

"बघा, झालं की अर्धं अर्धं," बाई म्हणाल्या आणि फोन पदराखाली ठेवला.

पण सगळंच असं हसण्यावारी जात नसे. एका पावसाळ्यात आंबेनळी घाटात एक मोटारसायकलवाला दरीत गेला. लांबच्या गावचा, कोणाच्या ओळखीचा नाही. पोरांनी त्याला वर काढून रस्त्याच्या कडेला ठेवलं आणि ती पांगली. ठाण्याची गाडी यायला फार उशीर झाला. तोवर बाई एकट्या त्याच्या उशाशी छत्री धरून बसल्या होत्या. छत्री त्याच्या तोंडावर आणि स्वतः भिजत. मी नंतर विचारलं, भीती नाही वाटली? म्हणाल्या, "त्याची आय कुठंतरी भाकऱ्या थापत असंल, तिला अजून कळलं बी नसंल. तिला कळंपर्यंत त्याच्याजवळ कोणतरी नको का?"

त्यांना जिवाभावाचं माणूस एकच, सुलोचनावहिनी. वहिनींचं सगळं आयुष्य मुंबईत गेलं. मूलबाळ नाही. नवरा गेल्यावर गावी येऊन सासऱ्याचं घर उघडलं आणि आमच्या समोरच, पाटीलबाईंच्या शेजारी राहिल्या. बोलण्यात मुंबईची हिंदी, तोंड फटकळ. संध्याकाळी दोघी वहिनींच्या ओट्यावर बसत. बाई अंगणात आल्या की वहिनी आतूनच ओरडत, "पाटलीण, आज सरकारी हायस का घरची?"

"घरची."

"फिर आजा."

महाडच्या बाजाराला दोघी एकत्र, डॉक्टरकडे एकत्र. एकीने सुकट घेतली की दुसरीच्या घरी शिजायची. पालखीच्या दिवशी दोघी आपापल्या दारात तांब्या घेऊन उभ्या राहत आणि कोणाच्या दारात पालखी जास्त नाचली यावरून आठवडाभर भांडत.

वहिनींच्या आवाराला रचलेल्या दगडांचं कुंपण होतं, आमच्याकडे त्याला गडगा म्हणतात. त्याच्या वरच्या अंगाला संजयचं घर. हा संजय तिशीतला, वीर स्टेशन ते महाड रिक्षा चालवायचा, सुट्टीला गावी यायचा. रिक्षा दारापर्यंत न्यायची तर वहिनींचा गडगा थोडा पाडायला हवा होता, आणि वहिनी ऐकत नव्हत्या. एकदा देवळापुढे सगळे बसले असताना तो म्हणाला, "ही म्हातारी मेल्याशिवाय माझी रिक्षा काय दारात येत नाय."

वहिनी तिथेच होत्या. म्हणाल्या, "मेल्यावर बी गडगा हाय तिथंच राहील रे. तू रिक्षाला पंख लाव."

सगळं देऊळ हसलं होतं. संजयसुद्धा.

त्यानंतर थोड्या दिवसांनी, होळी तोंडावर आली असताना, सकाळी मी अंगण सारवत होते. पाटीलबाई नेहमीसारख्या वहिनींच्या अंगणात गेल्या. टकटक ऐकली. "घरचं काम हाय," हेही ऐकलं. आतून कोणी बोललं नाही. दार लोटलेलं होतं. त्या आत गेल्या आणि लगेच बाहेर आल्या. अंगणाच्या मध्यावर उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "लता, पोरांना घरात घे." मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता सरकारी झालं."

वहिनींच्या मानेवर कोयत्याचा वार होता. गळ्यातली माळ गेली होती.

ठाण्यात फोन करून बाई दारात उभ्या राहिल्या आणि पोलीस येईपर्यंत तिथून हलल्या नाहीत. गाव जमलं. पुरुष पुढे पुढे येऊन आत डोकावायला बघत होते. बाईंनी दोन्ही हातांनी पदर पसरून दार अडवलं होतं. मला वाटलं, नियम म्हणून अडवलं असेल. खरं कारण फार उशिरा कळलं. वहिनींची साडी गुडघ्याच्या वर सरकली होती. पोलीस येण्याआधी कशालाही हात लावायचा नसतो, म्हणून बाईंनी ती नीट केली नाही. "नुसती खाली ओढायची होती गो," त्या मला म्हणाल्या. "पण सरकारी होतं ना." घाटातल्या परक्या पोरावर त्यांनी छत्री धरली होती. इथे मैत्रिणीकडे पाठ करून उभं राहावं लागलं.

होळीच्या सकाळी पोलीस पुन्हा आले आणि पाटीलबाईंच्या ओट्यावर बसले. संजयला तिथेच बोलावून घेतलं. "जरा इचारायचं हाय," म्हणून जीपमध्ये बसवलं. त्याची आई मागे धावली. आमच्या सगळ्यांच्या देखत नेलं.

दोन दिवसांनी पालखी निघाली. आमच्या वाडीत पालखीचा उजवा पुढचा खांदा संजयच्या घराण्याचा, तो त्यांचा मान. त्या वर्षी तिथे संजय नव्हता, त्याच्या चुलतभावाने खांदा दिला. पालखीखाली कोण होतं आणि कोण नव्हतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असतं. वहिनींच्या दाराला पोलिसांचं सील होतं. पालखी तिथे थांबली नाही.

पालखी होऊन गेल्यावर पेपरात आलं. संशयित पळून मुंबईला जात असताना पोलिसांनी वीर स्टेशनवर पकडला, असं त्यात होतं. तारीख पालखीच्या नंतरची. मग त्याने गुन्हा कबूल करून ओढ्याच्या काठावरून कोयता काढून दिला, असंही आलं; माळेचं काही आलं नाही.

त्यानंतर गावात दोन गावं झाली. दुकानात मीठ आणायला गेलं तरी तेच कानावर येई.

"पोलिसांना काय गरज पडलीय खोटं बोलायची?"

"पोलिसांना माणूस पायजे होता. संज्या हाताशी होता."

"मंग बोलला कशाला तसा? म्हातारी मेल्याशिवाय रिक्षा येत नाय म्हणून?"

"तू हसला होतास की तेवा. सगळ्यांत मोठ्यानं."

"हसलो म्हणून काय झालं? आणि मारलं आसंल पोलिसांनी, तर मारल्याबिगर कोण कबूल होतो रे?"

"आणि मारल्यावर कोण नाय होत?"

महाडला मेणबत्त्यांचा मोर्चा निघाला, फाशी द्या म्हणून. पुढच्या आठवड्यात तहसीलपुढे दुसरे लोक बसले, संजयला सोडा म्हणून. मोबाइलवर दोन्हीकडचे फोटो फिरत. ज्यांनी वहिनींना कधी पाहिलं नव्हतं ते त्यांच्यासाठी रडत होते. ज्यांना संजयचं आडनाव ठाऊक नव्हतं ते त्याच्यासाठी भांडत होते. एक पोरगा माइक घेऊन पाटीलबाईंच्या अंगणात आला. म्हणाला, "मॅडम, तुम्हाला काय वाटतं, आरोपी दोषी आहे का?"

बाई तांदूळ पाखडत होत्या. म्हणाल्या, "सरकारी असंल तर ठाण्यात इचारा. घरचं असंल तर माझी मैत्रीण गेली हाय. बसा जरा."

तो बसला नाही.

सगळे इतकं बोलत होते. पण पालखीच्या खांद्याला संजय नव्हता, याबद्दल कोणी बोलत नव्हतं. कोर्टात संजयच्या त्या बोलण्याची साक्ष द्यायला गावातली माणसं तयार होती. खांद्याची साक्ष द्यायला कोणी नव्हतं. जे संजयच्या बाजूचे होते तेही त्याच ठाण्याच्या हद्दीत राहत होते.

खटला उभा राहायला फार काळ गेला. तोवर बाई मैत्रिणीच्या ओट्यावर रोज संध्याकाळी झाडू मारत आणि एकट्याच बसत. त्यांना एकच हवं होतं. त्यांच्या सुलीला, म्हणजे वहिनींना, कोणी मारलं ते कळायला हवं होतं. संजयने मारलं असं गाव म्हणत असेल तर म्हणो, पण त्यांना ते खरंखुरं कळायला हवं होतं. एकदा मला म्हणाल्या, "मी संज्याच्या तोंडाकडं लय बघितलं गो. लहानपणापासून बघतेय. काय कळत नाय."

माणगावच्या कोर्टाचं बोलावणं आलं तेव्हा त्या माझ्या दारात आल्या. टकटक. "घरचं काम हाय लता. सोबत चल." माझ्या घरात नको म्हणत होते. पण मी गेले. आयुष्यात तेवढं एकदाच मी कोणाला न विचारता निघाले असेन.

कोर्टाच्या आवारात एक हवालदार भेटला. बाईंच्या ओट्यावर अनेकदा चहा प्यायलेला माणूस, बोलायला चांगला. म्हणाला, "पाटीलबाई, पालखीच्या आधी नेला की नंतर, एवढ्याने काय बिघडतंय? पोरगा सुटला तर तुमच्याच मैत्रिणीच्या आत्म्याला शांती नाही."

"साहेब, पालखी माझ्या दारात आली होती," बाई म्हणाल्या.

"असू दे ना. माणसाला तारखा कुठे लक्षात राहतात."

"तारीख नाय हो. मी पाणी घातलं त्या पायांवर. कोणाचे पाय होते ते लक्षात हाय."

हवालदाराने इकडेतिकडे पाहिलं. म्हणाला, "नोकरी माझीही आहे, बाई." आणि तो तिकडे जाऊन उभा राहिला.

मी मागच्या बाकावर कोपऱ्यात बसले होते. संजय दाढी वाढवून उभा होता. सरकारी वकिलांनी बाईंना विचारलं, प्रेत पहिल्यांदा कोणी पाहिलं, ठाण्यात कोणी कळवलं. बाईंनी नीट सांगितलं. मग संजयचे वकील उठले.

"तुमच्या दारात पालखी आली तेव्हा उजवा पुढचा खांदा कोणाचा होता?"

"संजयच्या चुलतभावाचा."

"दर वर्षी कोणाचा असतो?"

"संजयचा. त्यांचा मान हाय."

"मग त्या दिवशी संजय कुठे होता?"

मला त्यांची पाठ दिसत होती. छत्री बाहेर ठेवायला लावली होती, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

"ठाण्यात," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत?"

"होळीच्या सकाळी माझ्या ओट्यावरून नेला. दुसऱ्या दिवशी मी जबाब द्यायला ठाण्यात गेले, तेवा भिंतीशी बसला होता. उठवला तर टाचांवर चालला. तळवे सुजले होते."

सरकारी वकील उठले. "बाई, तुम्ही सरकारतर्फे साक्षीला आला आहात. लक्षात आहे ना?"

"हाय ना साहेब," बाई म्हणाल्या. "सरकारी काम हाय म्हणूनच सांगते. घरचं असतं तर गप बसले असते."

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या. महाड गेलं, पोलादपूर जवळ आलं. मी घरून आणलेली भाकरी पुढे केली. त्यांनी हाताने बाजूला केली. मग बाहेर बघतच म्हणाल्या, "पोलिसांनी खरं लिवलं असतं ना लता, तर आज मला कळलं असतं. त्यानं केलंय का नाय ते. आता तो सुटला तरी कळायचं नाय, आणि अडकला असता तरी कळलं नसतं. मला कधीच कळायचं नाय आता."

मी भाकरी फडक्यात बांधली.

संजय सुटला. पुरावा पुरेसा नाही, असं झालं. कोणी म्हणालं न्याय झाला, कोणी म्हणालं न्याय मेला. दोन्ही बाजू एका गोष्टीत मात्र एक झाल्या. पाटीलबाईंच्या दारात कोणी जाईना. वहिनींचा पुतण्या मुंबईहून येऊन अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, "काकीच्या हातचं खाल्लंत आणि तिच्या खुन्याला सोडवलंत." बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. संजयची आई म्हणायची, "तिच्याच ओट्यावरून माझ्या पोराला नेला. आधी दिला आणि मंग सोडवला, तिचं काय कौतुक?" ठाण्याचे लोक चहाला येईनासे झाले. मुदत संपल्यावर बाईंची नेमणूक पुढे झाली नाही. घरावरची पोलीस पाटलाची पाटी निघाली. भिंतीवर तेवढा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ राहिला.

तरी त्या कोणाच्या अंगणात गेल्या की छत्री वाजवून म्हणतच, "सरकारी नाय, घरचं काम हाय." आता सरकारी काम उरलंच नव्हतं. लोक आतून ओ देत नसत. त्या थोडं थांबत आणि परत जात. मी ओ द्यायची. पण माझ्याकडे तरी किती वेळा येणार?

संजय सुटून आल्यावर एका दुपारी त्यांच्याकडे गेला. मी समोर आमच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते, मला सगळं ऐकू आलं. त्याच्या हातात नारळ होता. ओट्याखाली उभं राहून तो म्हणाला, "बाय, तुमच्यामुळं मी आज हितं उभा हाय."

बाई दारात आल्या. "संज्या, मी बोलले ते सरकारी होतं. ते झालं, सरलं. तो नारळ घेऊन जा."

"बाय, मी नाय केलं. देवीची शपथ."

"तू केलंस म्हणून मी म्हणत नाय. नाय केलंस असं बी माझ्यानं म्हणवत नाय. घरचं इचारशील तर तुला द्यायला माझ्याकडं पाणी बी नाय."

तो नारळ घेऊन मागे वळला. त्याचंही मला वाईट वाटलं. त्याने केलं नसेल, तर गावात ज्या एका बाईने त्याच्यासाठी खरं सांगितलं तिच्याच दारात त्याला पाणी नव्हतं. तो गडग्याच्या कडेने वर गेला. रिक्षा अजून खालीच लागते. गडगा आहे तिथेच आहे. नंतर कोणी पाडा म्हणालं तरी त्यानेच नको म्हटलं, असं ऐकलं. त्यावरूनही लोक दोन्ही बाजूंनी बोलले.

मग शिमगा आला. बाईंना शेवटचं पाहिलं ते तेव्हा. मुलगी पुण्याला घेऊन जाणार होती, सामान बांधून झालं होतं. पालखी पाहूनच येते, म्हणून त्यांनी मुलीला थांबवलं होतं.

ऊन उतरतीला लागलं होतं. खालच्या आळीतून ढोल वर येऊ लागला. उजव्या पुढच्या खांद्याला संजय होता. मान त्यांचा, तो कोणी काढू शकत नाही. पालखी आधी पाटीलबाईंच्या दारात आली. तिथे त्यांची मुलगी तांब्या घेऊन उभी होती. तिने पाणी घातलं. बाई कुठे दिसेनात. मग पुढचं दार वहिनींचं. सील कधीच निघालं होतं, कुलूप मात्र होतं. ढोलवाले न थांबता पुढे सरकू लागले. तेवढ्यात खांबावर टकटक झाली.

बाई वहिनींच्या ओट्यावर उभ्या होत्या. ओटा सारवलेला. उंबऱ्याशी दिवा. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात तांब्या.

ढोल थांबला. पालखीबरोबरचा म्हातारा गुरव म्हणाला, "बाय, ह्ये घर बंद हाय. तू हितं कशी?"

"सरकारी नाय," बाई म्हणाल्या. "घरचं काम हाय."

पालखी अंगणात वळली. बाई छत्री टेकत खाली उतरल्या. मागच्या दोघांच्या पायांवर पाणी घातलं. पुढच्या डाव्याच्या पायांवर घातलं. मग संजयपुढे आल्या. सगळी वाडी बघत होती. पालखीच्या दांड्याखाली त्याची मान वाकलेली होती आणि तो डोळे मिटून उभा होता.

बाईंनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही. पायांकडे पाहिलं. ठाण्यात टाचांवर चालताना त्यांनी ते पाय पाहिले होते. सुलोचनावहिनींच्या घरात त्या वेळी ते गेले होते की नाही, ते देवीला ठाऊक. बाई वाकल्या. तांब्यात उरलेलं सगळं पाणी त्यांनी त्या पायांवर हळूहळू, एकाच धारेने ओतलं. थेंबही ठेवला नाही. मग रिकामा तांब्या छातीशी धरून बाजूला झाल्या.

पालखी वहिनींच्या अंगणात नाचली. चांगली नाचली. आणि ढोल आमच्या दाराकडे निघाला. मला पाणी घालायला जायचं होतं, म्हणून मी वळले. वळता वळता पाहिलं ते एवढंच. बाई त्या ओट्यावर त्यांच्या नेहमीच्या जागी, दुसरीसाठी जागा सोडून बसल्या होत्या. साडीची कड धरून त्यांनी ती पायांवर ओढून घेतली, घोटे झाकेपर्यंत, आणि वर हात फिरवून नीट केली.